एकपानी

फणसाखाली तीनदा लॉन घातलं.
खानापूर रोडच्या नर्सरीतून
सतरंजीसारखं गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन आणलेलं.
तिन्ही वेळा ते श्रावण संपेतो टिकलं
आणि मग टाळूवरून विरळ होत गेलं, माझ्यासारखंच.
मालन म्हणाली, "काय करूलासा ओ तिथं?
सावलीत गवात येतंय काय कुठं?"

येत नाही.
हे कळायला मला साठ वर्षं आणि चार हजार रुपये लागले.

सावलीच्याही जाती असतात.
फणसाची सावली कोरडी.
वरचं पाणी पानं पितात, खालचं मुळं,
मधल्या मातीला नुसता वास.
भिंतीकडची ओली.
शेजारच्या परसात तीन मजले उठले तेव्हापासून
तिथं दहा ते सव्वादहा एवढंच ऊन,
तेही भिंतीवरून खाली उतरत नाही.

पस्तीस वर्षं उद्यमबागेत पॅटर्न केले मी. सागवानाचे.
पंपाची अंगं, व्हॉल्व्हच्या माना.
पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद काढायचा,
राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं.
आकार आधी, माल मागाहून.
जमिनीचंही तसंच असणार म्हणून
विटांनी काटकोन आखले, दोरी ताणली,
लेव्हल लावून बघितली.

बुधवारी सुळेभावीची निंगव्वा येते, भाजीची बुट्टी घेऊन.
तिनं विटा बघितल्या, मला बघितलं,
आणि बुट्टीच्या तळातल्या ओल्या फडक्यातून
चटणीच्या जुडीतली, मुळासकट आलेली
चार तुकडी काढून हातावर ठेवली.
"ओंदेलग."
मी म्हटलं, एकपानी.
"तेच की. ओंदु एले, ओंदु बेरु."
एक पान, एक मूळ.
पैसे काढले तर हात हलवला,
कोथिंबिरीचे मात्र पाच जास्त लावले.

ती भिंतीकडं लावली.
कोरड्या बाजूला फणसाचीच पानं कुजवून
दोन बोटं पांघरूण घातलं,
आजऱ्याच्या मेहुण्यानं दिलेले स्पायडरचे पिल्लू-कोंब खोचले,
आणि तांदूळ धुतलेलं पाणी रोज त्याच तांब्यानं.

दोन महिने काहीच नाही.
मग एक दोरा निघाला, चार बोटांवर टेकला.
टेकला तिथं मूळ. मूळ तिथं पान,
जुन्या चार आण्याएवढं, कडेला बारीक दाते.
ओल संपली की थांबायचं,
ओल आली की पुढं.
विटांचा काटकोन तिनं कुठल्या दिवशी ओलांडला
ते मला, रोज बघत असून, सांगता येणार नाही.

चैत्रात अनगोळची सगळी धूळ
आमच्या पायरीपर्यंत येते आणि तिथं थांबते.
रस्त्याकडचं गवत पापडासारखं वाजतं.
फणसाखाली मात्र हिरवं, गुडघाभर नाही, घोटाभरही नाही,
पण माती दिसत नाही एवढं.
मीटर बघायला आलेला पोरगा
न सांगता कडेकडेनं गेला.

मेमध्ये रात्री फणस पडतो.
पूर्वी त्या आवाजानं मालन उठून बसायची.
यंदा आवाज आला तो
कुणी उशीत तोंड घालून बोलल्यासारखा.
सकाळी फणस उचलला तर खाली
त्याचा हुबेहूब साचा.
काटा न् काटा उठलेला, कडा कुठं ढासळलेली नाही.
मी आत जाऊन चष्मा आणला
आणि उकिडवा बसून बराच वेळ तपासला.
पास केला असता मी.

पंधरा दिवसांनी त्या खड्ड्यात
काठावरून दोन दोरे उतरले होते,
तळ चाचपत.

निंगव्वाला मुद्दाम बोलावून दाखवलं.
ती वाकली, चार पानं खुडली,
तोंडात टाकून चावत चावत म्हणाली,
"चटणी कधी करणार मग?"
आणि बुट्टी उतरवून
वांग्याचा भाव सांगायला लागली.